चौथं काडतूस

“पण उस्ताद, दारू ती दारूच ना?”

उस्ताद काडतुसांची रिकामी पितळी कवचं फडक्यानं पुसत होते. एक पुसून झालं की ते उजेडाकडे धरून आत बघत, मग बाजूला ठेवत.

“सांगा ना. ही पेटते, तीही पेटते. आवाज होतो, छर्रा पुढं जातो. मग फरक कसला?”

“तू सांग.”

“मी तेच म्हणतोय. फरक नाही.”

“मग मला कशाला विचारतोस?”

पद्माकरनं पुसलेलं एक कवच उचलून उजेडाकडे धरलं. उस्तादांनी पुढचं कवच उचललं.

ही गोष्ट कासारगड संस्थानातली, महायुद्धाच्या चौथ्या वर्षातली. दस्तगीर शिकलगार संस्थानच्या शस्त्रांच्या कोठाराचे, शिलेखान्याचे, प्रमुख होते. वय सत्तरीला टेकलेलं. शिकारीच्या बंदुकांची वापरलेली काडतुसं पुन्हा भरणं हे त्यांचं काम, आणि चाळीस वर्षं ते त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. लिहिता-वाचता येत नव्हतं. मापं सगळी डोक्यात आणि बोटांत.

पद्माकर दिघे चोवीस वर्षांचा. पुण्याला राहून रसायनशास्त्र शिकून आलेला. सरकारांनी, म्हणजे राजेसाहेबांनी, त्याला दोन वर्षांपूर्वी उस्तादांच्या हाताखाली दिलं, तेव्हा उस्तादांनी त्याला आधी तीन महिने नुसता झाडू मारायला लावला होता. पद्माकरनं तो मारला. पण झाडताना तोंड बंद ठेवलं नाही. हे असंच का, ते तसंच का, काट्यावर तोललेलं पुन्हा का तोलायचं.

उस्ताद कधी चिडले नाहीत. दुपारी फडकं सोडून भाकरी काढायचे आणि अर्धी न बोलता पद्माकरपुढं सारायचे. घरी कळलं असतं तर पद्माकरच्या आईनं त्याला उंबऱ्याबाहेर अंघोळ घातली असती. तो ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत तिथंच संपवायचा.

युद्धामुळं विलायतेहून येणारी बंदुकीची दारू बंद झाली होती. शिलेखान्यात चांगल्या दारूचा एकच डबा उरला होता. त्यावर कारभाऱ्यांचा लाखेचा शिक्का. दिवाळीनंतर सरकारांचे पाहुणे शिकारीला येणार होते, त्यांच्यासाठी तो राखलेला. उघडायचा नाही, अशी सक्त ताकीद.

आणि डोंगरातल्या वाड्यांवर नाचणी पोटरीला आली होती, आणि रानडुकरं रोज उतरत होती.

* * *

दारात लिंबाजी झोरे येऊन बसला होता. खांद्यावरचं घोंगडं त्यानं काढून मांडीवर घेतलं होतं. वरच्या वाडीचा राखणदार. संस्थाननं त्याला एक एकनळी बंदूक दिलेली होती आणि गेले दोन महिने तिच्यात घालायला काही नव्हतं. गेल्या पंधरा दिवसांत तो तिसऱ्यांदा आला होता.

“उस्ताद, उद्या हाका हाय,” तो म्हणाला. “डुकरं उठवायला सगळी वाडी निघणार. पण बंदुकीबिगर कसा काढायचा हाका?”

“काडतूस नाही, लिंबाजी.”

“एक तरी द्या.”

“नाही.”

लिंबाजीनं घोंगड्यावरची काडी उचलून टाकली.

“भावजय उठंना अजून,” तो म्हणाला. “डुकरानं मांडी फाडली तिची. वैद्य म्हणतो जगंल. पण पोरगं अंगावर पितंय, आन् तिला बसता येत न्हाई… उद्या बायकाबी येणार हाक्याला. परत कुणाला गाठलं तर?”

उस्तादांनी हातातलं कवच खाली ठेवलं. कपाटाकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

“डब्याला हात लावायचा हुकूम नाही,” ते म्हणाले.

पद्माकर उठला. आपल्या पिशवीतून त्यानं एक रुमाल काढला आणि मेजावर उलगडला. आत सहा काडतुसं होती. भरलेली.

“हुकूम मोडायला नको,” तो म्हणाला. “हे घ्या.”

* * *

उस्तादांनी एक काडतूस उचललं. तळहातावर ठेवून जरा खाली-वर केलं. तोंडाकडची बाजू अंगठ्यानं चाचपली.

“तू भरलीस?”

“काल. घरी.”

“दारू कुठली?”

“बेळगावला मिळाली. एका भंगारवाल्याकडं डबा होता. लष्करी माल असणार, कोरडा खडखडीत आहे.”

“डब्यावर काय लिहिलं होतं?”

“कागद निघून गेलेला.”

उस्तादांनी काडतूस नाकाशी नेलं.

“मी काट्यावर तोललीय,” पद्माकर म्हणाला. “तुमच्याच मापानं. प्रत्येक काडतुसासाठी तीनदा तोलली. चिमूटभर पेटवूनही पाहिली, छान जळते. उस्ताद, सगळ्या जगात टंचाई आहे. जे मिळेल त्यात भागवायला नको का? का आपण आपले शिक्क्याकडे बघत बसायचं?”

“काम सुबक झालंय,” उस्ताद म्हणाले.

पद्माकरचा चेहरा उजळला. दोन वर्षांत उस्तादांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

“कुणासाठी भरलीस?”

“लिंबाजीसाठी.”

“बरं.”

उस्ताद उठले. भिंतीवरच्या खुंटीवरून त्यांनी एक बंदूक उतरवली. ती संस्थानची नव्हती, त्यांची स्वतःची होती. लग्नात सासऱ्यांनी दिलेली. सासरेच त्यांचे उस्ताद. त्या बंदुकीला पद्माकरनंही आजवर हात लावला नव्हता. तेल फक्त उस्ताद लावत.

त्यांनी नळी बिजागरीवर वाकवून उघडली, पद्माकरचं काडतूस आत सारलं, नळी बंद केली आणि मागच्या अंगणात गेले. मागोमाग पद्माकर, त्याच्यामागं लिंबाजी.

अंगणाच्या टोकाला मातीचा बांध होता. उस्तादांनी पाय रोवले. बंदूक खांद्याला लावली. मान वाकवून दस्त्यावर गाल टेकवला.

बोट चापाकडे गेलं.

“थांबा,” पद्माकर म्हणाला.

उस्तादांनी मान न हलवता विचारलं, “काय झालं?”

“नको.”

“वजन चुकलंय?”

“नाही.”

“ओलसर आहे?”

“नाही, तसं काही नाही…”

“मग?”

पद्माकरनं पुढं होऊन उस्तादांचा कोपर धरला होता. आपण कधी धरला हे त्याला कळलं नव्हतं.

“तुम्ही नको,” तो म्हणाला.

उस्तादांनी बंदूक खाली केली. त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, लहान पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा, तसं.

“मी नको. मग कोण?”

पद्माकरची नजर वळली. लिंबाजी झोरे दारात उभा होता, घोंगडं हातात घेऊन. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो खाली बघत होता.



* * *

शेवटी पद्माकरच म्हणाला, “बांधून उडवून बघू.”

अंगणात एका तोडलेल्या चिंचेचा कमरेएवढा बुंधा होता. बंदूक त्याच्यावर दोरानं आवळली. चापाला लांब सुतळी बांधली. तिघं शिलेखान्याच्या भिंतीमागं गेले. सुतळी पद्माकरच्या हातात होती.

“शिलेखान्यातली जुनी बंदूक आणू का?” त्यानं विचारलं. “ही तुमची आहे.”

“हीच राहू दे.”

पद्माकरनं सुतळी ओढली.

आवाज झाला. नेहमीसारखा. बांधातली माती उडाली. तिघं बाहेर आले. बंदूक जशीच्या तशी होती. पद्माकरनं नळी उघडून रिकामं कवच काढलं, बोटांत फिरवलं. तडा नाही, फुगवटा नाही.

तो हसला नाही, पण त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं.

“अजून एक,” उस्ताद म्हणाले.

दुसरंही नीट उडालं.

“झालं की, उस्ताद,” लिंबाजी म्हणाला. “ऱ्हायलेली द्या मला. मी जातो.”

उस्तादांनी पद्माकरला विचारलं, “किती भरली होतीस?”

“सहा.”

“मग सहा होऊ देत.”

“पण मग त्याला न्यायला काही उरणार नाही.”

“सहा होऊ देत, बेटा.”

तिसरं उडालं.

पद्माकरनं चौथं घातलं. आता त्याचे हात सरावले होते. भिंतीमागं येऊन त्यानं जवळजवळ सहजच सुतळी ओढली.

या वेळचा आवाज वेगळा होता.

काहीतरी छपरावर आपटलं आणि कौलांवरून घरंगळत खाली आलं. अंगणात धूर भरला. कावळे उठले. लिंबाजी डोकं धरून खाली बसला होता.

धूर सरल्यावर ते बाहेर आले. नळी मागच्या बाजूला उभी चिरली होती. दस्ता राहिलाच नव्हता; त्याच्या ढलप्या अंगणभर पडल्या होत्या. बुंध्यात, जिथं माणसानं गाल टेकवला असता तिथं, बोटभर लांबीचा लोखंडाचा तुकडा घुसला होता.

लिंबाजीनं तो उपटायचा प्रयत्न केला. निघाला नाही.

मग त्यानं आपला उजवा गाल एकदा हातानं पुसला. तिथं काही लागलेलं नव्हतं.

पद्माकर बुंध्यापाशी बसला.

“तीन नीट गेली,” तो म्हणाला. “मग चौथं का? तीच दारू, तेच वजन…”

“मला माहीत नाही,” उस्ताद म्हणाले.

“तुम्हाला माहीत नाही?”

“पहिली तीन का गेली, तेही माहीत नाही.”

“मग तुम्ही सहाही उडवायला कशावरून सांगत होतात?”

उस्ताद त्याच्या शेजारी, जमिनीवरच, सावकाश बसले. त्यांचे गुडघे वाजले.

“त्यावरूनच,” ते म्हणाले.

* * *

पद्माकर रडत होता. आवाज न करता, लहान मुलं लपून रडतात तसा.

“तुमची बंदूक गेली.”

“हो.”

“तुमच्या सासऱ्यांची.”

“बंदूकच होती ना.” उस्तादांनी एक ढलपी उचलली, तिच्यावरची माती झाडली आणि खिशात ठेवली. “ऊठ. तो माणूस तीन कोस चालून आलाय.”

ते आत गेले. कपाट उघडलं. शिक्क्याचा डबा काढून मेजावर ठेवला, आणि लाखेवर चाकूचं टोक धरलं.

“उस्ताद,” पद्माकर म्हणाला, “हुकूम…”

“हो.”

“तुम्हीच म्हणाला होतात, डब्याला हात लावायचा नाही.”

“म्हणालो होतो. म्हणून तू बेळगावला गेलास.”

लाख फुटली. उस्तादांनी झाकण काढलं आणि डबा पद्माकरपुढं सरकवला, रोज दुपारी भाकरी सारत तसा.

“सहा भर.”

“मी?”

“तूच.”

“माझे हात कापताहेत.”

“मग हळू भर.”

सहा काडतुसं भरायला पद्माकरला दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. एकेक तोलत होता, परत ओतत होता, परत तोलत होता. उस्तादांनी मधे हात घातला नाही. लिंबाजीही घाई करत नव्हता. तो मेजासमोर येऊन बसला होता आणि बघत होता. मधेच एकदा पद्माकर थांबला आणि त्याला म्हणाला, “लिंबाजी, तुझी बंदूक बघू. नळी नीट आहे ना?”

“आजवर कुणी इचारलं न्हाई,” लिंबाजी म्हणाला, आणि त्यानं दाराशी टेकवलेली बंदूक आणून पुढं केली.

पद्माकरनं ती उजेडाकडे धरून आत पाहिलं. आत गंज होता. त्यानं तो काढला.

निघताना लिंबाजीनं काडतुसं कमरेच्या फडक्यात बांधली. पद्माकर त्याच्याबरोबर पायऱ्या उतरला.

“उद्या मी येतो हाक्याला,” तो म्हणाला. “तुझ्या शेजारी उभा राहीन.”

“तुमी कशाला? तिथं काटं लई.”

“येतो.”

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतली माणसं डबे, पत्रे बडवत रानात शिरली. ओढ्याच्या वळणाशी लिंबाजी बसला होता, आणि त्याच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, पद्माकर.

डुक्कर आलं ते करवंदीच्या जाळीतून सरळ. लिंबाजीनं दोन बार काढले. दुसऱ्या बाराला ते ओढ्याच्या काठावर कोसळलं.

केवढं होतं, सुळा किती होता, हे संध्याकाळी उस्तादांनी विचारलं तेव्हा पद्माकरला सांगता येईना.

“तू तिथंच होतास ना?”

“होतो.”

“मग?”

“मी लिंबाजीच्या गालाकडं बघत होतो.”

उस्तादांनी मान हलवली. भाकरीचं फडकं सोडलं. आत सकाळची भाकरी अजून पुरी होती. त्यांनी ती मोडली.

बेळगावची उरलेली दारू आणि शेवटची दोन काडतुसं त्यांनी त्याच आठवड्यात गावाबाहेर नेऊन नाहीशी केली. पद्माकरला बरोबर नेलं. परत येताना उस्तादांनी चढावर त्याच्या खांद्याचा आधार घेतला. त्याआधी त्यांनी कधी कुणाचा आधार घेतलेला पद्माकरनं पाहिलं नव्हतं.

* * *

दिवाळीनंतर पाहुणे आले. डबा मागवला गेला. शिक्का फुटलेला होता.

कारभाऱ्यांनी दोघांनाही समोर उभं केलं.

“शिक्का कुणी फोडला?”

“मी,” पद्माकर म्हणाला.

“खोटं बोलतोय,” उस्ताद म्हणाले. “त्याला लाख सरळ फोडता येत नाही. हे बघा, सरळ फुटलीय. मी फोडली.”

“का?”

“डुकरासाठी.”

“संस्थानचे पाहुणे मोठे की डुक्कर?”

उस्तादांनी जरा विचार केला.

“डुक्कर मी पाहिलं नाही, साहेब,” ते म्हणाले.

कारभारी हसले नाहीत. मागं उभ्या असलेल्या कारकुनानं तोंड फिरवलं.

पाहुण्यांना त्या वर्षी मोजकेच बार मिळाले. बाकीचे दिवस त्यांनी पत्ते खेळून आणि जेवून काढले. महिन्याभरात हुकूम निघाला. चाळीस वर्षांच्या चाकरीकडे पाहून उस्तादांना शिक्षा नाही, पण घरी बसावं. शिलेखाना पद्माकर दिघे यांनी सांभाळावा.

पद्माकरनं हुकूम वाचला आणि तो तसाच हातात घेऊन शिकलगार गल्लीत गेला.

चौकशीच्या दिवसापासून उस्तादांना शिलेखान्यात येऊ दिलं नव्हतं; ते घराच्या ओट्यावर बसले होते. वाडवडिलांचा धंदा त्यांनी पुन्हा मांडला होता. समोर सहाणेचं चाक, आणि बाजूला गावातल्या बायकांनी आणून टाकलेल्या विळ्यांचा ढीग. आतून त्यांची बायको, हलीमाचाची, म्हणाली, “आला का तुमचा लेक? त्याला म्हणावं, बस. चहा टाकलाय.”

पद्माकर बसला. हुकूम त्यानं उस्तादांसमोर धरला. त्यांना वाचता येत नाही हे लक्षात येऊन पुन्हा आपल्याकडे घेतला आणि वाचून दाखवला.

उस्ताद चाक फिरवत राहिले.

“मी ही जागा घेणार नाही,” पद्माकर म्हणाला.

“का? माझ्यासाठी?”

“नाही. म्हणजे, तेही आहेच. पण त्यासाठी नाही.”

“मग?”

पद्माकर विळ्यांच्या ढिगाकडे बघत राहिला. आतून कपबशीचा आवाज आला.

“मी परवा दिवसभर बसलो होतो तिथं एकटा,” तो म्हणाला. “एक काडतूस भरायला घेतलं. सगळी मापं वहीत आहेत, मीच लिहिलीत तुमच्या तोंडून. तरी भरता येईना. प्रत्येक वेळी वाटायचं, मला ही दारू कळलेलीच नाही. हे पितळ कळलेलं नाही. दोन वर्षं तुमच्या शेजारी बसलो, आणि उस्ताद…”

“हं.”

“मला काही येत नाही.”

चाक थांबलं. उस्तादांनी हातातला विळा बाजूला ठेवला, धोतराला हात पुसले आणि पद्माकरच्या हातातला तो कागद घेऊन, नीट चौघडी घालून, त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातला.

“मग उद्यापासून जा,” ते म्हणाले.